ऑफिसला सायकलनं जाताय? आधी रस्ता बघा

नमस्कार मंडळी. ऑफिसला सायकलनं जायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच, साधी घेऊ का इलेक्ट्रिक, आणि बहुतेक जण दुकानात जाऊन आधी किंमत विचारतात. माझं म्हणणं, किंमत नंतर, आधी तुमचा रोजचा रस्ता बघा, त्यात चढ कुठंय आणि किती आहे.

पुण्याचंच घ्या ना. सिंहगड रोडवरनं डेक्कनला यायचं तर रस्ता जवळपास सपाटच, तिथं मोटर कशाला हवी, गिअरची साधी सायकल मस्त पळते. पण स्वारगेटहून कात्रज, नाहीतर कोथरूडहून चांदणी चौक चढून बावधन म्हटलं की दम निघतो, घामाघूम होऊन ऑफिसात पोचायचं, तिथं अंघोळीची सोय नाही, मग चार दिवस उत्साह टिकतो आणि पाचव्या दिवशी परत स्कूटर. अशांनी खुशाल इलेक्ट्रिक घ्यावी, त्यात कमीपणा अजिबात नाही. पेडल-असिस्ट प्रकारात पेडल मारावंच लागतं, मोटर नुसता जोर देते, ताशी 25 किलोमीटरला ती मदत थांबते, आणि 250 वॉटच्या आतल्या अशा सायकलला लायसन्स नको, पासिंग नको.

चार्जिंगचा खर्च किरकोळ, लहान बॅटरीला अर्धा युनिटही लागत नाही. खरा खर्च काही वर्षांनी नवी बॅटरी घ्यायचा, तो आकडा घेतानाच विचारून ठेवा. आणि वजन, बाई! वीस-पंचवीस किलो, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? निदान बॅटरी तरी काढून वर नेता आली पाहिजे.

पंक्चरचंही बघा. पंक्चरवाला चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढतो, घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो, बुडबुडे दिसले की खूण करतो, इथवर दोन्ही सायकली सारख्याच. पण ट्यूब बदलायची झाली आणि मोटर मागच्या चाकात असली, तर आधी वायरचा कनेक्टर सोडवावा लागतो, तसंच चाक ओढलं तर वायरच तुटायची. म्हणून दुकानातच चाक काढून परत लावून दाखवायला सांगा, लाजू नका.

आणि टेस्ट राइड दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर नको, जवळच्या एखाद्या चढावर घ्या, एकदा मोटर बंद करूनसुद्धा चालवा, कारण बॅटरी वाटेत संपली तर तीच जड सायकल तशीच मारत घरी यायचंय.