नऊ होल, दोन वारे

स्क्रीनवर हा जो हिरवा पट्टा दिसतोय ना, एका अंगाला राजबागची वाळू, पुढे तळपण नदीचं मुख आणि मागे काणकोणचे डोंगर, हा गोल्फ कोर्स आहे. गोव्याच्या पार दक्षिण टोकाला, आणि होल, म्हणजे बॉल मारायला सुरुवात करायची तिथपासून भोकापर्यंतचे टप्पे, फक्त ९. कुडाळहून एवढं लांब ९ होल खेळायला चाललोय म्हटल्यावर आमच्यातल्या एकाने गाडीत बसायच्या आधीच तोंड वाकडं केलं, की ९ होल म्हणजे अर्धंच गोल्फ, त्यापेक्षा पुण्याला जाऊया. तो बँकेत आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट पूर्ण हिशोबाने लागते.

त्याला गप्प केलं माझ्या मामानी. मामा मर्चंट नेव्हीतनं रिटायर झालेत, बंदराबंदरात उतरून खेळलेत, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजलासुद्धा जाऊन आलेत, आणि ते कुणाला विसरूही देत नाहीत. बांद्याच्या पुढे त्यांनी सुरू केलं. गोल्फमध्ये १८ होल असतात हे आलं कुठून? सेंट अँड्र्यूजमधूनच. तिथे आधी २२ होलची राउंड होती, १७६४ साली सुरुवातीचे ४ होल जोडून २ केले, ते जाता-येता दोन्हीकडे खेळायचे म्हणून ४ कमी झाले आणि ती १८ ची झाली. पण मैदानात भोकं होती १०च. त्यातल्या ८ भोकांवर जातानाही खेळायचं आणि परत येतानाही. म्हणजे ज्याला सगळं जग गोल्फची पंढरी म्हणतं तिथेसुद्धा तीच तीच होल दोनदा खेळून १८ भरायचे. बँकवाला म्हणाला, बरं बरं, बघू.

सेंट अँड्र्यूजसारख्या समुद्राकाठच्या कोर्सला लिंक्स म्हणतात. आता लिंक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची उंचसखल जमीन, जिथे काही पिकत नाही, झाडं नाहीत, पाणी पडलं की लगेच मुरतं, गवत आखूड आणि जमीन कडक. स्कॉटलंडमध्ये त्यावर मेंढ्या चरायच्या, तिथेच लोकांनी बॉल मारायला सुरुवात केली. आपल्या कोकणात समुद्रापर्यंत जांभा येऊन ठेपतो, कडे आणि सडे, वाळू सापडते ती बरीचशी नदीच्या मुखाशी साठलेली. त्यात पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यामुळे स्कॉटलंडचा लिंक्स इथे उचलून आणून ठेवता येत नाही. तिथलं फेस्क्यू गवत थंडीचं, ते आपल्या उन्हात जगणारच नाही. उष्ण प्रदेशात बऱ्याच कोर्सवर असतं ते बर्म्युडा ग्रास, आणि बर्म्युडा म्हणजे कोण, तर आपली हरळी, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच. हे मला मामांनीच सांगितलं, त्या दिवसापासून फेअरवेवर, म्हणजे होलच्या मधल्या कापलेल्या गवतावर, डिव्हट (फटक्याने गवताचा तुकडा) उडाला की जरा कसंतरीच वाटतं.

पण एक गोष्ट इथे अस्सल आहे, ती म्हणजे वारा.

सकाळी लवकर टी ऑफ केलं, म्हणजे टीवरून (होल सुरू होतो त्या जागेवरून) पहिला फटका मारला, तेव्हा वारा पाठीमागून, डोंगराकडून समुद्राकडे. शाळेच्या भूगोलात शिकलो होतो ना, मतलई वारे, तेच ते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर गार होते म्हणून हवा जमिनीवरून पाण्याकडे सरकते. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा आपले लोक ह्याच वाऱ्यावर पहाटे बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे, इंजिन नव्हतं की डिझेल नव्हतं. तर सकाळी सगळ्यांचं छान चाललं होतं. बँकवाल्याने समुद्राच्या दिशेने ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीने, एक फटका असा काही मारला की स्वतःच बघत राहिला. पहिले ९ झाले तेव्हा तो ३ स्ट्रोकनी, म्हणजे ३ फटके कमी मारून, पुढे होता आणि पैज त्यानेच लावली, हरेल त्याने सगळ्यांना सुरमईची थाळी.

आमच्याबरोबर जे कॅडीकाका होते, काठ्यांची बॅग वाहणारे, जवळच्याच गावातले, ते तेव्हा फक्त हसले. माडांच्या शेंड्यांकडे बघून म्हणाले, "आतां वारें येतलें."

आणि आलं. अकरा-साडेअकरानंतर ऊन तापलं, जमीन तापली, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर गेली आणि समुद्रावरची गार हवा आत घुसली. वारा पूर्ण उलटा. सेम ९ होल, दुसऱ्या टीवरून, पण कोर्सच वेगळा. सकाळी जिथे बॉल लांब पळत होता तिथे आता हवेत चढून थांबायचा आणि जवळजवळ तिथल्या तिथे पडायचा. ह्याचं कारण असं की बॉलला मागे फिरणारी गिरकी असते, समोरून वारा आला की त्या गिरकीमुळे तो आणखी वर उचलला जातो, आणि आपण जेवढं जोरात मारू तेवढी गिरकी जास्त. म्हणजे वाऱ्याशी भांडायला गेलं की वारा जास्त मारतो. बँकवाला भांडत होता. "हो वारो खंयसून इलो रे!" असं दर होलला एकदा तरी.

मामा काय करत होते बघा ह्या क्लिपमध्ये. दीडशे यार्डाला एरवी सात नंबर आयर्न (लोखंडी काठी) घेतात, इथे पाच नंबर, म्हणजे बॉल जास्त खालून नेणारी, बॉल मागच्या पायाजवळ, हात अर्धेच वर आणि बॉल गुडघाभर उंचीवरून सरपटत ग्रीनपर्यंत, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतापर्यंत. दिसायला काहीच नाही, इन्स्टावर टाकलं तर कोणी लाईक पण करणार नाही. पण होल संपल्यावर स्कोअर लिहिताना कळायचं.

मधे पाणी प्यायला थांबलो तेव्हा कॅडीकाकांनी नदीपलीकडचा गालजीबागचा किनारा दाखवला, तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आमच्या रत्नागिरीत वेळासला येतात तशीच. कासव बघायला परत यायचं ठरलं, ते अजून ठरलेलंच आहे.

तर शेवटचा होल. बँकवाला आणि मामा बरोबरीत. बँकवाल्याचा बॉल ग्रीनच्या बाहेर, माडाच्या पडलेल्या चुडताला, म्हणजे झावळीला, टेकून. नियम असा की चुडत उचलून बाजूला ठेवता येतं, दंड नाही, पण ते उचलताना बॉल हलला तर एक स्ट्रोकचा दंड आणि बॉल परत जागेवर. त्याने अगदी देवघरातला दिवा उचलावा तसं ते चुडत उचललं. आणि बॉल हलला. मामा म्हणाले, एक दंड. बँकवाला म्हणाला, छे, वाऱ्याने हलला, आणि वाऱ्याने हलला असेल तर दंड नाही, नवीन जागेवरून खेळायचं, हे पण नियमातच आहे. तेही खरं आहे! कॅडीकाकांना विचारलं तर ते दुसरीकडेच बघायला लागले.

थाळी शेवटी त्यानेच दिली, पण आजपर्यंत मान्य केलेलं नाही. सुदैवाने तेव्हा कॅमेरा चालू होता. आता हा शॉट स्लो मोशनमध्ये लावतोय, उजव्या कोपऱ्यातल्या गवताकडेही लक्ष ठेवा, आणि खाली लिहा, चुडत की वारा.