माड उतरवताना दोर कुणाच्या हाती?

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस जवळ आला की कोकणात एक विचारणा सुरू होते: कौलांवर झुकलेला माड उतरवून देणारा कुणी आहे का? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या माड-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हापासून ही धास्ती जरा जास्तच. झाड मोकळ्यावर असेल तर बुडाशी खाच घेऊन पाडता येतं. पण खाली घर, विजेची तार किंवा शेजाऱ्याचा गोठा असला, की वरून तुकडे करत एकेक तुकडा दोराने खाली सोडावा लागतो. हा दोर ज्यातून सोडायचा त्या साधनाबद्दल आज बोलू. चेनसॉवर लोक हजारो रुपये घालतात आणि दोर मात्र शेजारच्या आंब्याला गुंडाळून तिघांच्या हातात देतात.

झाडाला दोर गुंडाळण्यात तत्त्व चुकीचं नाही. जेटीवर लाँच लागते तेव्हा खलाशी खुंटाला दोराचे दोन वेढे देतो आणि एकटा माणूस ती अवजड लाँच धरून ठेवतो, तेच हे. अडचण सालीची आहे. कोरडी साल घट्ट धरते, पावसाने भिजली की दोर सटकतो. फणसाला गुंडाळला तर चीक लागून दोर चिकटतो. एकच झाड सकाळी वेगळं, दुपारी वेगळं वागतं. शिवाय प्रत्येक तुकड्याला वेढे कमी-जास्त करायचे तर माणसाला दोर घेऊन बुंध्याभोवती फिरावं लागतं.

म्हणून धातूचं साधन. सगळ्यांत सुटसुटीत प्रकार म्हणजे हातभर लांबीचा जाड, गुळगुळीत नळा. त्याच्या एका टोकाला कडी असते. त्या कडीत पट्टा घालून तो झाडाच्या बुडाशी बांधतात. नळ्याचं दुसरं टोक मोकळं असतं, त्यामुळे दोराचं शेवटचं टोक ओवत बसावं लागत नाही, मधूनच वेढा चढवता-उतरवता येतो. तुकडा हलका तर एक वेढा, जड तर दोन.

इथे एक हिशेब सांगतो. दोर आणि धातू यांच्यातला घर्षणाचा गुणांक पाव धरला, तर एका पूर्ण वेढ्याने हातावरचा ताण जवळजवळ पाचपट कमी होतो. दोन वेढ्यांनी तेवीसपट, तिसऱ्याने शंभराच्या वर. म्हणजे शंभर किलोचा ओंडका दोन वेढ्यांवर चार-साडेचार किलोच्या ओढीने धरता येतो. तीन वेढे दिले की किलोभर ओढ पुरते, आणि तेवढं तर खाली लोंबणाऱ्या दोराचंच वजन असतं. मग दोर सरकतच नाही. भीतीपोटी चार-चार वेढे देणारे असतात, त्यांना हे सांगावं लागतं. कारण न सरकणारा दोर जास्त धोक्याचा.

तो का, ते माडावर नीट कळतं. माडाला फांदी नाही, बेचका नाही. दोर ज्यावरून खाली नळ्याकडे येतो ती कप्पी खोडालाच, कापायच्या जागेच्या खाली बांधायची आणि वरचा तुकडा कापायचा. तो सुटला की कप्पीच्या खाली जाईपर्यंत मोकळाच पडतो आणि मग दोराला हिसका बसतो. खालच्या माणसाने त्या क्षणी दोर सरकू दिला आणि हळूहळू आवळत थांबवला तर हिसका मरतो. दोर जागच्या जागी अडकला तर सगळा धक्का कप्पीवर, म्हणजे वर बसलेल्या माणसाच्या खोडावर. त्यात कप्पीवर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण येतो, तेव्हा तुकड्याच्या वजनाच्या दुप्पट भार आधीच धरून चालायचा. हिसका त्याच्यावर.

सोंड्या भुंग्याने पोखरलेल्या माडावर म्हणूनच हे काम करू नये. बाहेरून खोड धड दिसतं, आत भुसा झालेला असतो. तिथे शेजारच्या धडधाकट झाडावर कप्पी बांधा, नाहीतर क्रेन बोलवा.

मोठं झाड असेल, जुना आंबा किंवा वड, तर बुंध्याला पट्ट्यांनी घट्ट आवळून बसवायचा जाड खुंट मिळतो. तो हलत नाही आणि दोर वळत नाही. त्याच्यापुढची पायरी म्हणजे हँडलची विंच जोडलेला खुंट. फांदी कापण्याआधी दोर ताणून घेता येतो, प्रसंगी फांदी वर उचलून कौलांपासून बाजूला नेता येते. महाग आणि वजनदार प्रकरण आहे. गावातल्या माडांसाठी साधा नळा पुरेसा, असं माझं मत. गिर्यारोहकांचा आठाच्या आकाराचा तुकडा मात्र यात वापरू नका, दोराला पीळ पडतो. आणि कुणी म्हणेल की वेल्डिंगवाल्याकडून पाइप जोडून घेऊ, तर तो जोड किती भार घेईल हे त्यालाही माहीत नसतं. साधनावर भाराची मर्यादा कोरलेली असावी आणि आपल्या दोराची जाडी त्याला चालणारी असावी.

दोर पॉलिएस्टरचा घ्या. बाजारातला निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर वेगाने सरकला की घर्षणाच्या उष्णतेने मऊ पडतो, वितळतोसुद्धा.

वजनाचा अंदाज असा: ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरा. तीस सेंटीमीटर जाडीचा, मीटरभर लांब तुकडा सत्तर किलोचा. जाडी साठ झाली तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे दोनशे ऐंशी.

शहरात असाल तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी काढा.

काम देताना ठेकेदाराला विचारा, खाली दोर कोण धरणार? वर चढणारा पाडेली कितीही तयारीचा असो, त्याचा जीव या खालच्या माणसाच्या हातात असतो. रोजंदारीवर सकाळी उचलून आणलेला पोरगा तिथे नको. दोर हाताला गुंडाळायचा नाही, पायाशी पडलेल्या वेटोळ्यात उभं राहायचं नाही, साधनापासून चार पावलं मागे उभं राहायचं, एवढं त्याला माहीत हवं. आणि पहिला तुकडा लहान काढायला सांगा. तो किती वेढ्यांवर कसा सरकतो हे दोघांनी पाहिलं, की मग पुढच्या तुकड्याची लांबी ठरवता येते.