पंच नसलेली झडती

जळगावच्या गोलाणी मार्केटमधील एका गाळ्यात दुरुस्तीला आलेला संगणक उघडून ठेवला आहे. त्याच्या पंख्यावर धुळीचा जाड थर बसला आहे आणि हार्डडिस्कवर लगीनसराईतले चित्रीकरण आहे. एका फाईलमधल्या वरातीत डीजेवर चित्रपटातले गाणे वाजते आहे, तर दुसरीत घरच्या बाया अहिराणीत हळदीची गाणी म्हणत आहेत. वरातीत गाणे वाजवण्यास कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते. तेच गाणे चित्रीकरणात उतरले तर काय, हा मात्र वकिलांनी वाद घालावा असा प्रश्न आहे. कॉपीराइटचा भंग करणाऱ्या फाईली शोधून पुसणारा छुपा प्रोग्राम हक्कधारकांनी लोकांच्या संगणकात सोडावा, असे काहींना वाटते. पण आवाज जुळवून पाहणाऱ्या अशा प्रोग्रामला गाणे जुळले एवढेच कळते.

अशा प्रोग्रामला लोकांच्या संगणकात मोकळीक मिळावी, ही खटपट जुनी आहे. फाईलींची परस्पर देवाणघेवाण हक्कधारकांनी तांत्रिक उपायांनी रोखली, तर त्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे, असे विधेयक अमेरिकेत खासदार हॉवर्ड बर्मन यांनी २००२ मध्ये मांडले आणि ते बारगळले. सोनी बीएमजी या संगीत कंपनीने मात्र २००५ मध्ये कोणत्याही विधेयकाविनाच पुढचे पाऊल टाकले. तिच्या काही सीडी विंडोज संगणकात वाजवायला घेतल्या, की त्यांच्यासोबत एक छुपा प्रोग्राम बसे आणि ‘डॉलर-सिस-डॉलर’ या अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाईल खुद्द मालकाला दिसेनाशी होई. संगणकतज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबरला हे उघडकीस आणले, आणि काही दिवसांतच व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फाईलींना तीच अक्षरे लावून त्याच आडोशाला आसरा घेतला. मालकापासून लपायचे तर प्रोग्रामला संगणकाच्या मुळाशी जाऊन बसावे लागते, आणि तिथे एकदा केलेली वाट कोण वापरतो हे संगणक विचारत नाही. तो प्रोग्राम काढण्यासाठी कंपनीने दिलेल्या साधनानेही नवे भगदाड पाडले, हे तर कहरच.

आपल्याकडे पोलीस उपनिरीक्षकालाही बेकायदा प्रती जप्त केल्यावर, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे, त्या लवकरात लवकर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्याव्या लागतात, आणि ज्याचा त्यांत हितसंबंध आहे त्याला १५ दिवसांत त्या परत मागता येतात. अशा प्रोग्रामने दूरवरून आलेल्या आज्ञेने रात्रीतून पुसलेल्या फाईलीचा मात्र पंचनामा होत नाही. गोलाणीतल्या त्या गाळ्यात दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येते, हळदीच्या गाण्यांची फाईल कुठे गेली म्हणून विचारते, आणि दुरुस्ती करणारा पोरगा हार्डडिस्क खराब झाली असावी असे समजून नव्या डिस्कचा भाव सांगतो.