परीक्षा केळीच्या बागेत घ्या

मंडळी, तुमच्यातले निम्मे लग्नाचं शूटिंग करतात, बाकीचे अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ. दोघांनाही माझं सांगणं एकच, नवा कॅमेरा दुकानात तपासू नका. तिथे पांढराशुभ्र उजेड आणि समोर हसरा विक्रेता. आपलं काम चालतं हळदीच्या रात्री, पत्र्याखाली, ट्यूबलाइटमध्ये.

माझ्या भाच्याने अमेरिकेहून कॅमकॉर्डर आणला. अंगणात चित्र असं लखलखीत की बायको म्हणाली, आता रेट वाढवा. पहिली ऑर्डर अमळनेरजवळच्या खेड्यात. घरी टीव्हीवर लावलं तर नवरदेवाच्या अंगावरून काळपट पट्टे सरकताहेत! कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर ते मला दिसलेच नव्हते. कॅमेरा बिघडलेला नव्हता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. तिकडची वीज ६० हर्ट्झची, तो कॅमेरा त्या हिशोबाचा आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, आपोआप १/६० सेकंदावर. दोघांचा ताल जमेना. शटर हाताने १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात, दमडीचा खर्च नाही. हे मला कळलं ते पार्टीने, म्हणजे ऑर्डर देणाऱ्या लग्नघराने, निम्मे पैसे कापल्यावर.

तेव्हापासून पहिली परीक्षा रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत. हसू नका. जागा वाचवायला कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, बहुतेक वेळा तेवढंच टिपतो. दुकानातल्या भिंतीसमोर काय बदलणार? बागेत वारा सुटला की चिरफाळलेलं एकेक पान हलतं. बिटरेट, म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती माहिती लिहितो ते, तोकडा असेल तर पानांचा हिरवा लगदा होतो, मग डब्यावर फोर-के लिहिलेलं असो की आणखी काही. फोर-केत ठिपके फुल एचडीच्या चौपट, पण ते साठवायला पुरेसा बिटरेट नको का?

दुसरी परीक्षा आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री, दिव्याच्या उजेडात. तिथे मी फोकसचा झगझगीत दिवा लावत नाही, देवीपुढे बरं दिसत नाही. कमी उजेडात चित्र उजळायला गेन वाढवला की अंधाऱ्या कोपऱ्यात मुंग्या, म्हणजे वळवळणारे ठिपके, येतात. किती गेनपर्यंत त्या सोसवतात, ते एकदा बघून वहीत लिहून ठेवा.

आवाजाचं थोडक्यात. डीजेशेजारी ऑटो लेव्हल, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद करा आणि काटा लाल रेघेच्या बराच खाली ठेवा. नाहीतर पार्टी विचारणारच, ‘‘फोटू भारी शे, पन आवाज कथा गया?’’ (कुठे गेला?)

आता मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलं तर मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. जुना कॉम्प्युटर रडतो. म्हणून आधी प्रॉक्सी, म्हणजे त्याच व्हिडिओची हलकी नक्कल, बनवा, तिच्यावर कापाकापी करा, शेवटी मूळ फाइल जोडून रेंडर करा, म्हणजे पक्का व्हिडिओ काढा. आणि कार्डवरच्या सुट्या क्लिप उचलू नका, अख्खा फोल्डर कॉपी करा. बरेच कॅमेरे लांब शॉटचे ४ जीबीला तुकडे करतात. ते कसे जुळतात याची नोंद फोल्डरातल्या दुसऱ्या फाइलींत असते. मी एकदा घाईत फक्त क्लिप ओढल्या. नेमका मंगलाष्टकांवर सांधा आला, आणि ‘सावधान’मधला ‘साव’ गेला. त्या घरातली पोरं अजून मला बघितलं की ओरडतात, ‘‘शुभमंगल धान!’’