पंधरा सेकंदांच्या गोळ्या

मित्रहो, आजचा विषय युद्धपटांतली विमानं. सुरुवात एका इंजिनापासून करतो.

१९४० साली दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या आकाशात ब्रिटिश आणि जर्मन हवाई दलांत जी लढाई झाली, तिच्यावर १९६९ साली 'बॅटल ऑफ ब्रिटन' हा चित्रपट आला. एका बाजूला ब्रिटिशांची स्पिटफायर आणि हरिकेन, दुसऱ्या बाजूला जर्मनांची मेसरश्मिट १०९ लढाऊ विमानं आणि हाइन्केल १११ बाँबर. चित्रीकरणासाठी जी विमानं प्रत्यक्ष उडाली, त्या चारही प्रकारांच्या पोटात एकच इंजिन होतं: रोल्स-रॉइसचं मर्लिन. शत्रूच्या विमानांनाही तेच!

हे घडलं स्पेनमुळे. स्पेनमध्ये ही दोन्ही जर्मन विमानं परवान्यावर बनत होती. जर्मनी कोसळला आणि त्यांची इंजिनं मिळेनाशी झाली. मग स्पेनच्या कारखान्यांनी जर्मन सांगाड्यांत ब्रिटिश मर्लिन बसवलं. त्यातून जे १०९ तयार झालं, त्याचं नाव पडलं 'बुचोन', म्हणजे गळा फुगवणारं कबूतर. मर्लिनमुळे नाकाखालचा भाग तसाच फुगला होता. आणखी एक गंमत बघा. १९३५ साली पहिलं १०९ हवेत गेलं, तेव्हा जर्मन इंजिन तयार नव्हतं म्हणून त्यात रोल्स-रॉइसचंच केस्ट्रेल हे इंजिन बसवलेलं होतं. या विमानाचा वंश रोल्स-रॉइसपासून सुरू झाला आणि रोल्स-रॉइसवरच येऊन संपला.

बुचोन ओळखणं सोपं आहे. अस्सल १०९ मध्ये इंजिन उलटं टांगलेलं असे, त्यामुळे धूर सोडणाऱ्या नळ्यांची रांग नाकाच्या खालच्या अंगाला दिसते. बुचोनमध्ये तीच रांग वर, वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत आहे. एकदा हे कळलं की डोळा आपोआप तिकडे जातो.

अस्सल १०९ च्या जागी बुचोन दाखवणं ही माझ्या मते चूक नव्हे. युद्ध संपल्यावर हजारो विमानं वितळवून त्यांचं ॲल्युमिनियम विकलं गेलं. श्टुका या प्रसिद्ध सूरमार बाँबरचे सगळ्या जगात दोनच अखंड नमुने उरले आहेत, एक शिकागोच्या आणि एक ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात. जे उरलंच नाही ते दिग्दर्शक कुठून आणणार? पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या 'तोरा! तोरा! तोरा!' या चित्रपटात अमेरिकन प्रशिक्षण विमानांचे सांगाडे कापून-जोडून जपानची झिरो लढाऊ विमानं उभी केली. 'बॅटल ऑफ द बल्ज' मध्ये युद्धानंतर बनलेले अमेरिकन रणगाडे जर्मन किंग टायगर म्हणून फिरतात. 'व्हेअर ईगल्स डेअर' मध्ये १९४३-४४ च्या हिवाळ्यात एक जर्मन अधिकारी ज्या हेलिकॉप्टरमधून उतरतो, ते बेल ४७ डिसेंबर १९४५ मध्ये पहिल्यांदा उडालं. लोक त्यावर हसतात. पण त्या काळी जर्मनांकडे स्वतःची हेलिकॉप्टरं होती, हे त्या हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. हेलिकॉप्टर चुकीचं होतं, कल्पना अशक्य नव्हती.

मला बोचते ती चूक वेगळी आहे. विमान हुबेहूब असतं, पण ते जे करताना दाखवतात ते त्याच्याकडून होणारं नसतं.

१९४० च्या स्पिटफायरमध्ये आठ मशिनगन होत्या. प्रत्येकीला तीनशे गोळ्या. मिनिटाला साधारण साडेअकराशे गोळ्या या वेगाने त्या किती पुरणार? पंधरा सेकंद. सबंध उड्डाणात एवढंच. त्यामुळे वैमानिक दोन-तीन सेकंदांच्या फैरी झाडत, जवळ गेल्याशिवाय बोट दाबत नसत, आणि बंदुका रिकाम्या झाल्या की नाक वळवून घरी परतत. पडद्यावर मात्र तोच वैमानिक अंगठा दाबून धरतो आणि गोळ्या सुटतच राहतात. मी घड्याळ लावून बसतो. पंधरा सेकंद ओलांडले की माझ्यासाठी तो प्रसंग तिथेच तुटतो, कारण त्या तरुणाला क्षणाक्षणाला जो हिशेब करावा लागत होता, तो चित्रपटाने पुसून टाकलेला असतो. पलीकडे १०९ च्या वैमानिकाचाही हिशेब चालूच असे. लंडनवर पोहोचल्यावर त्याच्याजवळ लढण्यापुरतं इंधन जेमतेम दहा मिनिटांचं. त्याची एक नजर इंधनाच्या काट्यावर असणारच. तो काटा किती चित्रपटांत दिसतो?

आणि आता मर्लिनकडे परत येऊ. त्या वेळच्या मर्लिनमध्ये कार्ब्युरेटर होता, जर्मन इंजिनात इंधन थेट फवारलं जाई. स्पिटफायरचं नाक एकदम खाली दाबलं की पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर दम तोडे. जर्मन वैमानिकांनी हे बरोबर हेरलं होतं. मागे कुणी लागलं की ते सरळ नाक खाली घालून सूर मारत. पाठलाग करणाऱ्याला आधी विमान उलटं करून मग खेचावं लागे, आणि तेवढ्यात शिकार निसटलेली असे. १९४१ च्या सुरुवातीला फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बीट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी इंधनाच्या वाटेत भोक असलेली एक छोटीशी चकती बसवून यावर तोडगा काढला. ही चकती येण्याआधीच्या काळातला प्रसंग असेल आणि स्पिटफायर १०९ च्या मागे नाक दाबून सरळ खाली झेपावताना दिसलं, तर त्यावरचा रंग, खुणा, रिव्हेट सगळं बिनचूक असूनही मी त्याला चूकच म्हणेन.

रंगाबद्दल थोडं बोलतो, कारण तिथे वाद फार होतात. पंखांवरचे काळे-पांढरे पट्टे तुम्ही पाहिले असतील. जून १९४४ च्या नॉर्मंडी आक्रमणाच्या अगदी तोंडावर ते दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर मारले गेले, आपल्याच माणसांनी आपलीच विमानं पाडू नयेत म्हणून. घाईघाईने, मिळेल त्या ब्रशने. त्या दिवसांतली छायाचित्रं पाहा, कडा वेड्यावाकड्या आहेत. चित्रपटातले पट्टे पट्टी लावून आखल्यासारखे असतात आणि त्या आक्रमणाची घाई त्यांतून हरवते. १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्याने घेतलेल्या माघारीवरच्या 'डंकर्क' चित्रपटात १०९ ची नाकं पिवळी आहेत. तो रंग खरं म्हणजे त्या माघारीनंतर आला. प्रेक्षकाला शत्रू चटकन ओळखता यावा म्हणून दिग्दर्शकाने तो जाणूनबुजून वापरला. मला हा निर्णय पटतो, कारण त्या चित्रपटात कॉकपिटमधल्या माणसाची खरी लढाई इंधनाशी चालली आहे, आणि ती प्रामाणिकपणे दाखवली आहे.

'मेम्फिस बेल' या अमेरिकन बाँबरवरच्या चित्रपटाच्या बाबतीत मी इतका उदार नाही. गोष्ट मे १९४३ ची आणि बाँबरच्या सोबतीला मस्टँग लढाऊ विमानं! तेव्हा तिथे थंडरबोल्ट ही लढाऊ विमानं हवीत. मस्टँग हे जर्मनीत आतपर्यंत साथ देणारं विमान, आणि ते या कामावर आलं डिसेंबर १९४३ मध्ये. ते येण्याआधी अर्ध्या वाटेवर सोबत सुटायची आणि पुढचं आकाश बाँबरना एकट्याने पार करावं लागायचं. ज्याला मस्टँग माहीत आहे, त्याच्या मनातली ती भीतीच निघून जाते.

कधी चुकीला गुप्ततेचंही कारण असतं. 'द डॅम बस्टर्स' १९५५ चा. धरणं फोडणारा, पाण्यावरून उसळ्या मारत जाणारा बाँब खरं तर पिंपासारखा होता, पण त्याचा तपशील तेव्हाही सरकारी गुपित होता. पडद्यावर वेगळ्याच आकाराचा बाँब उसळला. लँकेस्टर विमानं मात्र अस्सल होती.

आवाजांचंही तसंच. श्टुकाच्या चाकांच्या खांबांवर मुद्दाम भोंगे बसवत, सूर मारताना खालच्या माणसांचा थरकाप उडावा म्हणून. आज कोणतंही विमान कोसळताना दाखवलं की तीच किंकाळी ऐकू येते. ज्यांच्या डोक्यावर ती खरोखर आली, त्यांच्यासाठी ती एका विशिष्ट विमानाची खूण होती.

आता संगणकावर प्रत्येक रिव्हेट अचूक काढता येतो, आणि हे चांगलंच झालं. जुनी विमानं उडवण्यात जिवाचा धोका असतो. 'मेम्फिस बेल' च्याच चित्रीकरणात १९८९ साली एक बी-१७ बाँबर उड्डाण करताना कोसळून जळालं, आतली माणसं सुदैवाने वाचली. पण संगणकातल्या विमानाला वजन नसतं. ते हवेत कापरं घेत नाही, वळताना वेग गमावत नाही. चुकीच्या इंजिनाचं बुचोन या दोन्ही गोष्टी करतं.

शेवटी एक दृश्य सांगतो. 'तोरा! तोरा! तोरा!' च्या चित्रीकरणात एका बी-१७ चं एक चाक उघडेना. वैमानिकाने ते एकाच चाकावर उतरवलं. कॅमेरे चालू होते, आणि तो अपघात तसाच चित्रपटात घेतला गेला. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी कॅलिफोर्नियाहून निघालेली बारा बी-१७ खरोखरच, बंदुका चालवण्याच्या स्थितीत नसताना, त्या हल्ल्याच्या मधोमध येऊन पोहोचली होती आणि जागा मिळेल तिथे उतरली होती. चित्रपटातलं विमान नंतरच्या बनावटीचं आहे, जाणकाराला ते लगेच दिसतं. पण पंख धावपट्टीला टेकायच्या आत वैमानिक त्याला किती वेळ तोलून धरतो, ते बघा.