ज्वारीवर दळून द्या

नमस्कार श्रोतेहो.

लहानपणी दळणाचा डबा डोक्यावर देऊन आई गिरणीत पाठवायची, तेव्हा एक वाक्य पाठ करून घ्यायची. "ज्वारीवर दळून द्या म्हणावं." आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू चालू असेल तर थांबायचं. कुणाची तरी ज्वारी दळून झाली की मगच आपला डबा पुढे करायचा. गव्हाचं पीठ मिसळलं की भाकरी बिघडते, एवढाच त्यामागचा हिशोब. माझं माहेर मंगळवेढ्याचं, मालदांडी ज्वारीच्या मुलखातलं. तिथे बिघडलेली भाकरी म्हणजे घराची अब्रू जाण्यासारखंच. ते वाक्य पुढे माझ्या औषधाच्या चिठ्ठीइतकं महत्त्वाचं होईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आईसुद्धा हसली असती.

मला सीलिअ‍ॅक आजार आहे. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याआधी दहा वर्षं मी लोहाच्या गोळ्या खात होते. हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. तोंड सतत आलेलं, पोट फुगलेलं, जिना चढताना धाप. घरात सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं होतं की मी नीट जेवत नाही. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या पोटात जातात, पण रक्तात का उतरत नाहीत?" टीटीजी नावाची रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून पाहिला, आणि उत्तर मिळालं.

आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नातलं सत्त्व ते शोषून घेतात. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक विलायती धान्य) या धान्यांमध्ये ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की माझ्यासारख्यांच्या शरीराची संरक्षणव्यवस्था बिथरते आणि आपल्याच आतड्यावर हल्ला करते. मखमल झिजून गुळगुळीत होते. मग लोह घ्या, कॅल्शियम घ्या, सगळं वाहून जातं. यावर औषध नाही. ग्लुटेन कायमचं बंद केलं की मखमल पुन्हा उगवते.

हे ऐकून उद्या कुणी लगेच पोळी सोडून देऊ नका बरं का. तपासणीच्या आधी गहू सोडला तर रक्तातली खूण पुसट होते, आतडं भरून यायला लागतं आणि आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य. हा आजार आनुवंशिकतेने घरात फिरतो, म्हणून रुग्णाची भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करायची असते. माझ्या दोन्ही मुलांची केली. आजवर तरी ठीक आहे.

गव्हावर संशय यायला वैद्यकाला बराच काळ लागला. 1924 साली न्यूयॉर्कमधल्या सिडनी हास या डॉक्टरांनी अशा आजारी मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं आणि मुलं सुधारली. जळगावकरांना ऐकून बरं वाटेल, पण गुण केळ्यांचा नव्हता, बंद केलेल्या पावाचा होता. ते ओळखलं नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना महायुद्धाच्या आधीपासून गव्हाचा संशय होता. 1944-45च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खायला लागले, आणि एवढ्या हालात सीलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारत गेली. पुन्हा पाव मिळायला लागला तशी ती परत आजारी पडली. 1950 साली डिके यांनी यावर प्रबंध लिहिला.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. लोकांना वाटतं, पोळी सोडली की झालं. मी सांगते, पोळी सोडणं सगळ्यात सोपं. ती दिसते तरी. गव्हाची टोपणनावं फार आहेत. "मैदा चालतो ना?" असं मला शिकल्यासवरल्या माणसांनी विचारलंय. रवा गव्हाचाच, शेवया गव्हाच्या, लापशी गव्हाची. कुरडई तर तीन दिवस गहू भिजवून काढलेल्या चिकाची. खपली गहू पचायला हलका म्हणून हल्ली लोक आवर्जून आणतात, पण खपली झाला तरी गहूच, त्यातही ग्लुटेन आहेच. भाजून घेतलं, आंबवलं, मोड आणले, तरी सुटका नाही.

आणि मग छुपा गहू. मेतकुटात मूठभर गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. मुलांच्या दुधातल्या माल्टच्या पावडरीत जव असतो. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. पण मला सगळ्यात जास्त छळलं ते हिंगाने. पथ्य सुरू करून चार महिने झाले तरी पोट शांत होईना. सगळं तपासून झालं, आणि एक दिवस हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं मुलाने वाचली. अस्सल हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. म्हणजे चार महिने मी निष्ठेने भाकरी खात होते आणि रोजच्या आमटीच्या फोडणीतून गहू पोटात जात होता! तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो. तो आणला आणि पंधरा दिवसांत फरक पडला.

घरात माझ्याशिवाय चारजण पोळी खातात. त्यांची पोळी मी बंद केली नाही, पण रांग ठरवली. सकाळी आधी माझी भाकरी, मग त्यांची कणीक. कणीक मळताना, लाटताना पीठ उडतं आणि शेजारच्या उघड्या भांड्यात जाऊन बसतं. माझा तवा वेगळा, परात वेगळी. लाकडी लाटणं आणि पोळपाट कितीही घासा, फटींतून पीठ निघत नाही. आणि चाळणी! माझी चाळणी मी दोरी बांधून निराळ्या खिळ्याला टांगली आहे. पाहुण्यांना वाटतं, घरात सोवळं-ओवळं आलं की काय.

गिरणीचं काय? तीच तर मोठी अडचण. आपल्याकडच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. गव्हाच्या पिठाच्या भाषेत सांगायचं तर किलोभर ज्वारीच्या पिठात जेमतेम चिमूटभर कणीक. गिरणीच्या दगडांत, पीठ खाली येतं त्या कापडी नळीत, मालकाच्या हातातल्या ब्रशात किती चिमटी असतील, मोजा. "ज्वारीवर दळून द्या" हे आईचं वाक्य बरोबर होतं, पण माझ्यापुरतं अपुरं होतं. शेवटी घरघंटी घेतली. तिच्यात गव्हाला बंदी. ज्वारीसुद्धा निवडून, धुऊन, वाळवून घेते, कारण दुकानदाराचं माप सगळ्या पोत्यांत फिरतं आणि ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात.

खाण्याचे हाल मात्र होत नाहीत हं. पावावर जगणाऱ्या देशात मी जास्त रडले असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, कोकणातली घावनं, आंबोळ्या, उकडीचे मोदक, पिठलं, कोथिंबीरवडी, काय कमी आहे? ग्लुटेन म्हणजे कणकेचा चिवटपणा. तो ज्वारीत नाही, म्हणून तर भाकरी लाटत नाहीत, थापतात. पीठ जुनं होऊन विरी गेली असेल तर उकळतं पाणी घालून मळायचं, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्या आजीच्या घरी गव्हाची पोळी सणालाच व्हायची. रोज पोळी ही आमच्या भागात मागच्या दोन-तीन पिढ्यांची गोष्ट. दुकानातली महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटं मी दोनदा आणली. भुसा बरा. एकादशीला तर माझी चंगळ असते. भगर, साबुदाणा, राजगिरा, सगळं घर माझ्या पंगतीला. फक्त शिंगाड्याचं, राजगिऱ्याचं पीठ विकतचं घेत नाही, तेही कुठल्या गिरणीतून आलंय कोण जाणे.

अवघड आहे ते नाही म्हणणं. सत्यनारायणाचा शिरा पुढे आला की काय करायचं? पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "अगं, कणभराने काय होतंय? देवाचं आहे." मी कणभर घेतला आणि दोन दिवस आडवी होते. त्या बिचाऱ्या इतक्या घाबरल्या की पुढच्या पूजेला त्यांनीच माझ्यासाठी चौरंगावरचं केळं बाजूला काढून ठेवलं. हा पेच आपल्याच देव्हाऱ्यापुरता नाही. गोव्यात, वसईत कॅथलिक चर्चमध्ये कम्युनियनला जी ओस्ती देतात, तीही गव्हाचीच लागते. 2017 साली व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केलं की पूर्ण ग्लुटेनमुक्त ओस्ती चालणार नाही, अगदी अल्प ग्लुटेनची चालेल. ज्यांना तीही सोसत नाही, त्यांना नुसता द्राक्षारस घेता येतो.

लग्नाकार्यात मी डबा नेते आणि सरळ पंगतीत बसून खाते. वाढप्याला "ग्लुटेन" म्हणून उपयोग नाही, एकाने मला ग्लुकोज आणून दिलं होतं. "गहू, मैदा, रवा नको" एवढंच म्हणायचं. तुमच्या घरी असा कुणी पाहुणा येणार असेल तर त्याच्यासाठी वेगळं पक्वान्न करायला जाऊ नका. वापरलेल्या मसाल्यांची पाकिटं तेवढी फेकू नका, त्याला वाचायला ठेवा. गहू असेल तर पाकिटावर तसं सांगावं लागतं.

माझी धाकटी जाऊ याच्याही पुढे गेली आहे. परवा तिच्याकडे जेवायला बोलावलं होतं. सकाळी दहालाच फोन. मागे तेल तापल्याचा आवाज.

"ताई, नवीन डबी आहे हिंगाची. वाचते हं. डिंक... तांदळाचं पीठ... हिंग. बास, एवढंच आहे."

"खाली बघ, गहू म्हणून काही लिहिलंय का?"

"नाही."

"मग टाक फोडणीत."