ऑपरेशन यशस्वी झाले, पण दुखणे राहिले

मंडळी, कमरेच्या मणक्यांमधल्या शेवटच्या गादीचे ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. एप्रिलच्या भर दुपारी, अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोले आवरायला मी अनवाणीच बाहेर गेले. उजवा पाय चिऱ्यावर टेकताच चटका बसून वर आला. डावा मात्र निवांत टेकलेला राहिला. संध्याकाळी डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपाशी आलेला फोड सुनेने पाहिला, तोवर मला त्याचा पत्ताही नव्हता.

तो फोड घेऊन मी सर्जनकडे गेले. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली, "बाय, नस मोकळी आहे, ऑपरेशन उत्तम झाले आहे, आता मन दुसरीकडे रमवा," असे म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावले. माझ्या पायाला त्यांनी हात लावला नाही, याचे दुःख मला आजही आहे.

ते खोटे बोलत नव्हते, हे समजायला मला बराच काळ लागला. गादीचा सरकलेला तुकडा काढून नसेवरचा दाब दूर करणे हे सर्जनचे काम, आणि ते झाले होते. परंतु दाब गेला म्हणजे दबलेली नस त्याच दिवशी पूर्ववत होते असे नाही. नसेतले तंतू तुटले असतील तर त्यांची नवी वाढ दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या गतीने होते. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मनात मोजून पाहा, म्हणजे हा हिशोब महिन्यांचा नसून वर्षांचा आहे हे लक्षात येईल, आणि तरीही ती वाढ पूर्ण होईलच असे नसते. शिवाय हे ऑपरेशन मुख्यतः पायात उतरणाऱ्या कळेसाठी असते. कंबरदुखी त्याने थांबेलच, असे कोणी जाणकार डॉक्टर सांगणार नाही. एवढे जरी मला आधी कोणी समजावले असते, तरी माझ्या कितीतरी रात्री सुसह्य झाल्या असत्या.

मागे राहिलेल्या दुखण्याची कारणेही एकच एक नसतात. तीच गादी पुन्हा सरकते, नसेभोवती जखमेचा व्रण धरतो, शेजारच्या मणक्यावर भार वाढतो, किंवा दुखणे मुळात माकडहाडाजवळच्या सांध्याचे असते. व्रण आणि पुन्हा सरकलेली गादी यांतला फरक पाहण्यासाठी शिरेतून औषध देऊन एमआरआय काढतात. ऑपरेशननंतरही उरलेल्या या दुखण्याला पूर्वी 'फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम', म्हणजे पाठीचे फसलेले ऑपरेशन, म्हणत. 2021 मध्ये 'पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम', म्हणजे मणक्याची टिकून राहिलेली वेदना, हे नाव सुचवले गेले, आणि अपयशाचा शिक्का त्यातून गेला. त्याआधी 2020 मध्ये वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, हे तिच्या टिपणांत स्पष्टपणे नोंदवले.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. बसण्याची जागा बधिर होणे, लघवी तुंबणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच रात्री इस्पितळ गाठा. ऑपरेशनच्या टाक्यांतून पाणी येऊन ताप भरला तरीही तसेच करा.

उरलेल्या त्रासासाठी डॉक्टरांशी बोलावे लागते, आणि तिथे आपणही कमी पडतो. गोव्याच्या टोकांवरच्या काणकोणहून किंवा पेडण्याहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो, डॉक्टरांसमोर काही मिनिटे मिळतात, आणि त्या मिनिटांत आपण "दुखता" एवढेच सांगतो. जळजळ, मुंग्या, बधिरपणा, करंट लागल्यासारखी कळ या सगळ्यांना आपण तो एकच शब्द वापरतो, पण डॉक्टरांच्या दृष्टीने त्यांचे अर्थ निराळे असतात. म्हणून मी एका जुन्या वहीत लिहू लागले: आदोळीवर बसून नारळ किसताना कळ कितव्या मिनिटाला उतरते, चालताना कुठल्या घरापाशी थांबावे लागते, रात्री किती वेळा जाग येते. ऑपरेशनची नोंद असलेले कागदही मी मागून घेतले. रुग्णाने मागितल्यास ते 72 तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने घातले आहे. ते मागणे म्हणजे भांडण काढणे नव्हे.

ती वही आणि ते कागद घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, मला डाव्या पायाच्या चवड्यावर उभे राहायला सांगितले, आणि मला ते जमले नाही. मग त्यांनी टाचेमागच्या शिरेवर लहानसा हातोडा मारून पाहिला. उजवे पाऊल हलले, डावे हलले नाही. टाचणीचे टोक हलकेच फिरवत त्यांनी मला कुठे समजते आणि कुठे नाही ते विचारले आणि बधिर भागाची रेघ माझ्या पावलावर पेनाने आखली. बाहेर आल्यावर ती निळी रेघ मी सुनेला दाखवली. फोडाचा डाग बरोबर तिच्या आत होता.